पाण्याच्या वहीतल्या सह्या

सास्तूर,
११ फेब्रुवारी २०२४

राजशेखर,

पत्र बघून घाबरू नको, सगळे जिवंत हायत. फोन यांच्या उशाला असतो आणि हे सगळ्यांशी स्पीकरवर बोलतात, म्हणून कागद घेतला. तुला तसंबी पत्रांचं वेड. लहानपणी शेजारच्या घरीसुद्धा चिठ्ठी पाठवायचास.

तुझ्या दाजींचा दमा वाढलाय. संक्रांतीपासून गावाच्या वरच्या अंगाला त्या चाळीस एकरावर तुमच्या कंपनीचं काम चाललंय. टेकाड फोडतात, खळगे भरतात, उद्या तिथं प्लॉट पडणार म्हणे. मुरमाचे टिप्पर आपल्या दारावरून जातात. भूकंपानंतर गाव नवं बसवलं तेव्हा रस्ते मुद्दाम रुंद ठेवले, माणसाला पळता यावं म्हणून. आता त्यावरून टिप्पर पळतात आणि माणसं दारं लावून बसतात.

परातीत पीठ किती आणि धूळ किती, कळत न्हाय. हे खोकतात, थांबतात, मला बोलतात, परत खोकतात. काल म्हणाले, "भूकंपातनं वाचलो ते ह्या मुरमात मरायला व्हय?" मी म्हटलं, "तोंड मिटा, आत जाती." हसले. हसले की खोकला येतो, म्हणून मी आता हसवतबी न्हाय.

हवा नीट ठेवली का न्हाय ते तूच सरकारला कळवतोस, असं दिवाळीत सांगितलं होतंस. मग कळव की.

अक्का

•

धाराशिव,
१६ फेब्रुवारी

अक्काला शरणु शरणार्थी.

पत्र दोनदा वाचलं. फोन करणार होतो, केला नाही. फोनवर मला पळवाट पटकन सापडते. कागदावर ती लिहून काढावी लागते आणि लिहिताना तिची लाज वाटते.

माझं काम तुला नीट सांगतो. कामावर धूळ उडू नये म्हणून कंपनीवर अटी आहेत. रस्त्यावर दिवसातून दोनदा पाणी मारायचं, टिप्परवर ताडपत्री बांधायची, उघड्या जमिनीला हिरवी जाळी लावायची. हे झालं का, याचा अहवाल मी लिहितो. साइटवर टँकरची वही असते. तिचा महिन्याचा गोषवारा माझ्याकडं येतो. सास्तूरचा गोषवारा आताच मागवून पाहिला: रोज दोन खेपा, एकही दिवस खाडा नाही.

टँकरवाल्यानं लिहिलं आणि मी मानलं, असं समजू नको. पूर्वी एका कामावर ड्रायव्हर घरी बसून वही भरायचा. तेव्हापासून मी नियम केला, की प्रत्येक खेपेला गावातल्या एका माणसाची सही पाहिजे. माझ्या बी.एस्सी.चा नोकरीत झालेला हा एकच उपयोग. सास्तूरच्या वहीत सगळ्या सह्या आहेत.

म्हणून विचारतो, राग मानू नको. धूळ टिप्परचीच आहे ना? यंदा पाऊसच नाही, रानं उघडी पडलीत. दाजींचा दम्याचा पंप संपला असेल तर कळव. सोबत दहा मास्क पाठवतोय.

हे लिहून झाल्यावर डायरीत एक ओळ लिहिली. तुलाही सांगतो. जानेवारीपासून मी एकदाही साइटवर गेलेलो नाही. बहिणीचं गाव असूनसुद्धा.

राजू

•

सास्तूर,
२२ फेब्रुवारी

राजू,

मास्क मिळाले. हे लावत न्हाईत. म्हणतात, बैलाला मुसकं घालतात ते खळ्यावर, माणसाला घरात न्हाय.

धूळ रानाची न्हाय. रानाची धूळ आमाला वळखू येते.

तू ताडपत्रीचं बघ. टिप्पर गावातनं हळू चालवायला सांग. दुपारी वारं सुटतं तेव्हा तरी बंद ठेवा म्हणावं. पाण्याचं राहू दे. त्याचं काय लिहू नको कुणाला.

अक्का

•

धाराशिव,
४ मार्च

अक्का,

हे पत्र दाजींच्या हाती पडू देऊ नको.

दाजींनी जिल्ह्याच्या कार्यालयात तक्रार दिलीय, हे तुला माहीत असेलच. मला ते ऑफिसात कळलं. दोन पानं, स्वतःच्या अक्षरात. 'महिनाभर रस्त्यावर पाण्याचा थेंब पडलेला नाही,' असं लिहिलंय. त्यावर २० तारखेला अधिकारी पाहणीला येणार आहेत. पाहणीसाठी टँकरची मूळ वही साइटवरून इथं आली आणि काल मी पहिल्यांदा ती उघडली.

साक्षीदाराच्या रकान्यात अकरा ठिकाणी तुझी सही आहे.

मी ती कुणालाही विचारून खात्री केली नाही. तुझ्या 'जगदेवी'तला 'दे' पाटीवर गिरवून मी अक्षर शिकलो.

आमचे मॅनेजर युवराजसाहेब मागंच उभे होते. त्यांनी ते माझ्या आधीच हेरलेलं होतं. म्हणाले, "तक्रारदार शरणप्पा, आणि साक्षीदार शरणप्पाची बायको! राजशेखर, तुमच्या सहीच्या नियमानं कंपनी वाचली." मला चहा पाजला. तू माझी बहीण आहेस हे त्यांना माहीत नाही. मी सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे मी रात्रभर स्वतःला विचारलं. उत्तर चांगलं नाही.

तू सही केलीस, म्हणजे पाणी पडलं. पाणी पडलं असेल, तर दाजी खोटं लिहितात. दाजी खरं लिहीत असतील, तर तू खोटी सही केलीस. 'पाण्याचं राहू दे,' असं तू मागच्या पत्रात लिहिलंस ते मी रागानं लिहिलंय असं समजलो होतो.

वीस तारखेला ही वही दाजींच्या समोर उघडली जाईल. त्यांची तक्रार तिथंच संपेल आणि टिप्पर पावसाळ्यापर्यंत असेच चालतील. मला खरं काय ते कळव. लवकर.

राजू

•

सास्तूर,
१० मार्च

राजू,

शिवरात्रीचा उपास होता, हात चालला न्हाय, म्हणून उशीर. हे खोटं हाय. उपास एक दिवसाचा असतो.

ऐक. फेब्रुवारी लागताच आपल्या बोअरनं हवा सोडली. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, तेबी करंगळीएवढं. दारात म्हैस. आणि रोज सकाळी तुमचा टँकर यायचा, मागं भोकाभोकाचा पाइप, आणि पाच हजार लिटर पाणी रस्त्यावर सांडत जायचा. आमी दारात रिकाम्या घागरी घेऊन बघत बसायचो. धूळ बसायची, हे खरं. यांना त्या चार दिवसांत बरं होतं, हेबी खरं.

पाचव्या दिवशी शेजारची हरणाबाई टँकरपुढं जाऊन उभी राहिली. पदर खोचून.

"आरं ए, मातीला पाजतोस व्हय? तिकडं माझी म्हस जीभ काढून उभी हाय!"

ड्रायव्हर उमाशंकर, गरीब माणूस. म्हणाला, "मावशी, धूळ बसावी म्हणून मारतोय. वरून हुकूम हाय."

"वरून? वरच्यानं पाऊस पाडला न्हाय, आन तू त्याचा हुकूम सांगतोस!"

"खदानीचं पाणी हाय, प्यायचं न्हाय."

"पितंय कोण? जनावराला, धुण्याला, भांड्याला. लाव पाइप हिकडं."

सगळ्या हसलो. त्यानंबी पाइप काढला. नऊ घरांची टिपाडं भरली. मग त्यानं वही काढली आणि म्हणाला, "एकीनं सही करा, न्हायतर माझी खेप धरत न्हाईत. धाराशिवला राजशेखरसाहेब म्हणून हायत, लई कडक."

राजू, मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. म्हटलं, भावाचा नियम हाय, बहिणीनं मोडू नये. आणि छाती काढून सही केली. पाणी आलं होतं, घेतलं होतं. सही खोटी कशी?

रस्ता कोरडा राहिला हे तिसऱ्या दिवशी यांच्या छातीनं सांगितलं. तरी मी चौथ्या दिवशी टिपाड पुढं केलं. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा घरात दोन टिपाडं भरलेली होती. त्या पत्रात पाण्याचं नाव काढलं नव्हतं, बघ. मला वाटलं, तू टिप्परच बंद करशील, आणि पाणी आमाला राहील.

यांना वाटतं, पाणी हरणाबाईच्या हिरीचं येतं. मीच तसं सांगितलंय, तिची हीर कधीच आटलीय. कंपनीचं म्हटलं तर घोट न्हाय, हातबी लावला नसता.

आता तू खरं लिहिलंस तर कंपनी म्हणेल बायांनी पाणी चोरलं. नऊ घरांची नावं कागदावर जातील. तसं झालं तर मी तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाय.

अक्का

•

धाराशिव,
१३ मार्च

अक्का,

तुझं पत्र आलं आणि मला पहिल्यांदा हायसं वाटलं. कुणीच खोटं बोललेलं नाही. पाणी आलं होतं, सही खरी, रस्ता कोरडा होता हेही खरं.

मग डायरी लिहायला बसलो आणि कळलं, की खोटं एकच आहे आणि ते माझ्या अक्षरात आहे. फेब्रुवारीच्या अहवालात मी लिहिलंय, 'रस्त्यावर दिवसातून दोन वेळा पाणी मारण्यात आले.' तुझ्या सहीत 'रस्त्यावर' हा शब्द कुठं आहे? तो मी घातला. इथं पंख्याखाली बसून.

माझा नियम ड्रायव्हरवर संशय घ्यायला शिकवत होता. तहान लागलेल्या माणसाचा त्यात विचारच नव्हता. ज्या गावाला आठव्या दिवशी पाणी, त्या गावात रोज दहा हजार लिटर पाणी डोळ्यांदेखत मातीवर ओतायचं, आणि बायका नुसत्या बघत राहतील असं मी धरून चाललो. तेही कुणाच्या गावात? तुझ्या.

काल युवराजसाहेबांना आडून विचारलं, की अहवालात चूक सापडली तर दुरुस्ती पाठवायची पद्धत काय. ते म्हणाले, "सापडली तर. तुम्ही शोधताय कशाला?" मी जागेवर येऊन बसलो. वहीची ती पानं हातात होती. अकरा सह्या. फाडता आली असती, असा विचार आला. आला म्हणून लिहितो.

मी काय करावं हे तुला विचारणार नाही. ते ओझं तुझ्यावर टाकणं म्हणजे आणखी एक सही मागणं. कुणाचंही नाव मी घेणार नाही, एवढा शब्द देतो. पण दाजींना हे वीस तारखेला युवराजसाहेबांच्या तोंडून कळू नये. तुझ्या तोंडून कळावं.

राजू

•

उमरगा, दवाखाना,
१७ मार्च

राजू,

परवा दुपारी वावटळ उठली, टिप्पर चालूच होते. यांचे ओठ निळे पडले. शेजाऱ्यानं गाडी काढली. आता नाकाला नळी हाय, वाफ देतात. डॉक्टर म्हणतात धोका टळला, पण त्या धुळीत परत नेऊ नका. मग कुठं नेऊ, ते सांगितलं न्हाय.

काल यांना सगळं सांगितलं. वहीचं, टिपाडाचं, अकरा सह्यांचं. हे वर बघत पडले होते. मग नळी बाजूला केली आणि म्हणाले, "माझा दम देऊन म्हस पाजलीस."

मी यांचे पाय दाबत बसले. घटकाभरानं परत नळी काढली. म्हटलं आता काय ऐकावं लागतंय. तर म्हणाले, "नीट तरी पाजलीस का?"

मी रडले. हे म्हणाले, "रडू नको, पाणी वाया जातंय." आणि हसले, आणि खोकले, आणि नर्स मलाच रागावली.

वीस तारखेला आमी दोघं तिथं नसणार. तू खरं लिहिणार हे मला ठाऊक हाय, तू लहानपणी स्वतःची चुगली स्वतःच करायचास. कर. माझं नाव घेतलंस तरी चालेल. दुसऱ्या बायांचं घेऊ नको.

अक्का

•

धाराशिव,
२१ मार्च

अक्का,

दाजींना आधी सांग, पाहणी झाली. मग पुढचं वाच.

मी पहाटेच्या एसटीनं आलो. तुझ्या घराला कुलूप. खिडकीच्या गजावर बोट फिरवलं तर तांबडी रेघ उठली. जानेवारीत येऊन हे केलं असतं तर वहीची गरजच नव्हती.

अधिकारी बाई आल्या. शाळेच्या भिंतीलगत लिंबाखाली खुर्च्या मांडल्या. टिप्पर अर्थातच त्या दिवशी बंद. युवराजसाहेबांनी वही उघडली आणि तुझ्या सहीवर बोट ठेवून म्हणाले, "तक्रारदाराच्या घरचीच साक्ष आहे, मॅडम."

मी उठलो. लिहून आणलेला कागद वाचला: "या वहीतल्या सह्या खऱ्या आहेत. पाणी आलं, एवढंच त्या सह्या सांगतात. ते रस्त्यावर पडलं, असं मी माझ्या अहवालात लिहिलं. ते मी पाहिलेलं नव्हतं. ते खरं नाही. साक्षीदार जगदेवी शरणप्पा ही माझी सख्खी बहीण आहे, आणि हे मी आजवर कंपनीला सांगितलं नाही."

युवराजसाहेब माझ्याकडं न बघता म्हणाले, "मग पाणी गेलं कुठं? गावानं चोरलं, असं म्हणायचंय का यांना?"

मी गप्प बसलो. तुला शब्द दिला होता. बाई माझ्याकडं बघत होत्या, सगळा गाव माझ्याकडं बघत होता. त्या वेळी माझा खरेपणा किती अर्धवट आहे ते मला कळलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "चोरी रातीला करत्यात, साहेब. आमी दिसाढवळ्या, सही करून घेतलंय." हरणाबाई. "टँकर म्या अडीवला. लिवा माझं नाव. त्या पोरीनं अकरा सह्या केल्या म्हंता, बाकीचे आंगठे कुणाचे? ह्यो बघा." आणि अंगठा वर करून दाखवला. लोक हसले. एकेक करत बाकीच्या घरच्याही बाया उठल्या. युवराजसाहेबांना कुणाकडं बघून रागवावं ते कळेना.

दोनच्या सुमारास वारं सुटलं. टिप्पर बंद असूनही वरच्या उघड्या जमिनीवरून असा लोट आला, की पंचनाम्याचे कागद उडाले आणि युवराजसाहेबांनीच आधी रुमाल नाकाला लावला. बाईंनी तेही पंचनाम्यात लिहिलं.

ठरलं ते असं. दुपारी बारा ते पाच मुरमाची वाहतूक बंद. ताडपत्रीशिवाय टिप्पर गावात शिरणार नाही. उघड्या जमिनीला आठ दिवसांत जाळी, नाहीतर काम थांबणार.

आणि टँकर. इथं माझा हात जड होतोय. टँकरचा टिपाडं भरायचा पाइप आता सीलबंद असेल. पाणी फक्त रस्त्यावर. हे माझ्या दुरुस्तीमुळं झालं. गावासाठी वेगळ्या पाण्याच्या टँकरचा अर्ज मी तिथंच बसून लिहिला, तुझं बंद घर सोडून बाकी आठही घरांच्या सह्या घेतल्या. पण तो मंजूर कधी होईल, सांगता येत नाही. दाजींचा श्वास वाचवायला मी तुमचं पाणी काढून घेतलं का, हे मी काल डायरीत लिहिलं आणि पुढं उत्तराची जागा कोरी ठेवली.

मला आज अहवालाच्या कामावरून काढून भांडारात बसवलंय. वही आता माझ्याकडं येणार नाही.

राजू

•

सास्तूर,
१० एप्रिल

राजू,

काल पाडवा. यांना परवाच घरी आणलं.

म्हैस नणंदेकडं बेंबळीला पाठवली, तिच्या हिरीला अजून पाणी हाय. म्हैस जाताना हे दारात उभे होते. तुझ्या अर्जाचं अजून काय न्हाय. नळ आठव्या दिवशीच.

टँकर येतो. रोज, दोन वेळा. आज सकाळी आला तेव्हा आमी सगळ्या दारात होतो. कुणी हाक मारली न्हाय. उमाशंकर खाली मान घालून चालवत होता. पाणी पडत होतं, माती पीत होती. हरणाबाई रिकामी घागर काखेत घेऊन उभी. मला वाटलं, आता ही जाते पुढं. गेली न्हाय. टँकर तिच्या दारासमोर आला तेव्हा तिनं फक्त एवढंच म्हटलं, "आता मारतोच हायस तर हळू चल रं. कडंपातूर भिजू दे. जगदेवीचा माणूस आलाय घरी."

तो थांबला, परत मागं घेतलं, आणि आपल्या दारापुढचा रस्ता दुसऱ्यांदा भिजवला.

आत हे झोपलेत. दिवस वर आलाय तरी झोपलेत. मी दोनदा जाऊन छातीवर हात ठेवून बघितलं, कारण खोकल्याचा आवाज नसला की भ्या वाटतं.

मग उमाशंकरनं वही पुढं केली. मी आधी रस्त्यावर वाकले, माती दाबून बघितली. ओली होती, बोटाला चिकटली. मग सही केली. वही तुझ्याकडं येत न्हाय म्हणालास, म्हणून सांगते. सहीच्या बाजूला मातीचं बोट उमटलंय. हात धुवायला पाणी नव्हतं.

अक्का